एकत्र पडणे आणि वेळेवर वेगळे होणे

विश्वामित्राच्या तपोबलाने स्वर्गाकडे निघालेल्या त्रिशंकूला इंद्राने खाली लोटले आणि तो डोके खाली, पाय वर अशा स्थितीत अंतराळी लटकत राहिला, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. 'त्रिशंकू अवस्था' हे शब्द आपण निरुपाय माणसासंबंधी वापरतो. ज्याला वर जाता येत नाही आणि खालीही उतरता येत नाही, त्याची ती अवस्था. आजच्या विषयातील माणसे मात्र ही अवस्था आपखुशीने पत्करतात. सुमारे तेरा हजार फुटांवरून ती विमानाबाहेर पडतात, हवाई छत्री न उघडता मिनिटभर पडत राहतात, आणि तेवढ्या अवधीत कधी पोटावर पालथी, कधी बसल्यासारखी, कधी ताठ उभी, तर कधी त्रिशंकूप्रमाणे डोके खाली करून एकमेकांना येऊन मिळतात. हातात हात घेऊन ती एखादी आकृती रचतात आणि ठरलेली उंची येताच चहूकडे पांगतात. पोटावर पडून केलेल्या अशा रचनेला सामूहिक मुक्तपतन म्हणता येईल. शरीर कोणत्याही दिशेला वळवून पडण्याच्या नव्या शाखेला जगभर 'फ्रीफ्लाय' म्हणतात.

या उंचीची कल्पना यावी म्हणून भिलाईचे उदाहरण घेऊ. कॅम्प-१ ही तेथील पॉवर हाऊस स्थानकाजवळची दाट वस्ती. पोलादाच्या कारखान्यामुळे देशाच्या नाना प्रांतांतून जी कुटुंबे भिलाईत येऊन स्थिरावली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. या वस्तीच्या बरोबर माथ्यावर तेरा हजार फुटांवर एक विमान घिरट्या घालीत आहे, असे समजू. त्यातून पाहणाऱ्याला कारखान्याची धुराडी काड्यांसारखी भासतील, दुर्ग शहर हाताच्या पंजाएवढे दिसेल, आणि त्यापलीकडे शिवनाथ नदी एखाद्या दोऱ्यासारखी. या विमानातून उडी घेणारा मनुष्य पहिल्या दहा सेकंदांत सुमारे हजार फूट खाली येतो. पुढचे प्रत्येक हजार फूट तो साधारण साडेपाच सेकंदांत ओलांडतो. छत्री उघडण्याच्या सुमारास, म्हणजे तीन हजार फुटांवर, तो पोहोचतो तेव्हा एक मिनिट झालेले असते. कॅम्प-१ मधील एखाद्या गृहिणीला चहाचे आधण उकळायला जेवढा वेळ लागतो, त्याहूनही हा वेळ थोडा आहे. या मिनिटातच सारे जमवायचे असते.

मनुष्य असा पडू शकतो, यावर प्रारंभी विश्वासच नव्हता. हवाई छत्रीने उतरण्याचा प्रयोग तसा जुना आहे. आंद्रे-झाक गार्नेरँ हा फ्रेंच गृहस्थ २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसवर उडालेल्या बलूनमधून छत्रीच्या आधाराने खाली आला. परंतु छत्री न उघडता वेगाने पडणाऱ्या माणसाची शुद्ध हरपेल, त्याचा श्वास कोंडेल, आणि छत्री उघडण्याची दोरी ओढण्यापूर्वीच तो निकामी होईल, असा समज पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकून होता. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील डेटन येथे लेस्ली अर्व्हिन याने विमानातून उडी घेतली, काही क्षण मोकळे पडून मग स्वतःच्या हाताने छत्री उघडली, आणि तो समज खोटा ठरविला. जमिनीवर उतरताना त्याचा घोटा मोडला. पण शुद्ध मात्र क्षणभरही हरपली नव्हती.

शुद्ध राहते हे कळले, तरी शरीर ताब्यात कसे ठेवावे हे कळायला आणखी तीस वर्षे जावी लागली. हवेत फेकलेले शरीर गरगर फिरू लागते आणि त्या गिरकीत छत्रीच्या दोऱ्यांचा गुंता होण्याचा धोका असतो. लिओ व्हॅलेंटिन या फ्रेंच सैनिकाने दुसऱ्या महायुद्धानंतर यावर उपाय शोधला. पोट पुढे काढून, पाठ धनुष्यासारखी वाकवून, हात-पाय पसरून पडल्यास शरीराचा मध्यभाग सर्वांत खाली राहतो आणि शरीर आपोआप स्थिर होते, हे त्याने दाखवून दिले. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बुचाच्या बाजूनेच खाली येते, त्यातलाच हा प्रकार. व्हॅलेंटिन स्वतः पुढे लाकडी पंख बांधून उडण्याच्या प्रयोगात २१ मे १९५६ रोजी लिव्हरपूल येथे मृत्यू पावला. त्याने शोधलेली शरीराची ठेवण मात्र आजही प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकविली जाते.

आता पडण्याचा वेग कसा ठरतो ते पाहू. गुरुत्वाकर्षण शरीराला खाली ओढते आणि हवा त्याला अडविते. वेग वाढत जातो तसा हवेचा विरोधही वाढतो. एका क्षणी दोन्ही बळे समसमान होतात आणि त्यापुढे वेग वाढत नाही. याला अंतिम वेग म्हणतात. पोटावर पालथ्या पडणाऱ्या माणसाचा अंतिम वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर असतो. तोच मनुष्य उभा राहिला किंवा उलटा झाला, तर हवेला त्याच्या शरीराचा थोडाच भाग आडवा येतो आणि वेग ताशी २५० किलोमीटरच्या पलीकडे जातो.

हे आकडे ऐकून सामान्य माणसाच्या मनात पहिली शंका येते ती अशी, की एवढ्या वेगात दोन माणसे एकमेकांचा हात धरतातच कशी? मुंबईच्या लोकल गाड्यांनी प्रवास करणाऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. शेजारच्या रुळांवरून दोन गाड्या एकाच दिशेने, एकाच वेगाने धावू लागल्या, की एका गाडीच्या दारातील माणसाला दुसऱ्या गाडीच्या दारातील माणूस स्थिर उभा असल्यासारखा वाटतो. दोन्ही गाड्यांचा समान वेग परस्परांच्या दृष्टीने नाहीसा होतो. उरतो तो दोहोंच्या वेगांतील फरक. आकाशातही असेच घडते. दहा जण एकाच वेगाने पडत असतील, तर त्यांच्यापुरते कोणीच पडत नसते. जमीन मात्र वर येत असते.

म्हणून सामूहिक उडीतील पहिले कौशल्य आहे ते सर्वांनी एकच वेग राखण्याचे. माणसे काही सारख्या वजनाची नसतात. आटोपशीर बांध्याचा वजनदार गडी भराभर खाली जातो, तर सडपातळ मुलगी मागे, म्हणजे वर, रेंगाळते. त्यामुळे पहिल्याला घोळदार पोशाख दिला जातो आणि दुसरीला अंगासरशी बसणारा. कधी तिच्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टाही बांधतात. उरलेला फरक शरीरानेच भरून काढायचा असतो. पाठीची कमान वाढविली की वेग वाढतो. छाती आत घेऊन ओंजळीसारखा आकार केला की वेग मंदावतो. पाय लांब केले की शरीर पुढे सरकते. हात पुढे ताणून पाय आखडले की ते मागे जाते. सुकाणू नाही, यंत्र नाही; कोपर बोटभर खाली गेले तरी शरीर वळू लागते. भांबावून हातपाय झाडणारा मनुष्य येथे कोठेच पोहोचत नाही.

फ्रीफ्लायमध्ये हेच सारे अधिक कठीण होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ओलाव्ह झिप्सर या जर्मन आकाशवीराने व त्याच्या सोबत्यांनी ही शाखा वाढीस लावली. पोटावर पडताना शरीर आपोआप स्थिर होते. बसून किंवा उलटे पडताना हा आपोआपपणा संपतो, आणि तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. शिवाय वेगाचा फरक येथे प्राणावर बेतू शकतो. उलटे पडणारे चार जण ताशी २६० किलोमीटर वेगाने जात आहेत आणि त्यांतील एकाचा तोल जाऊन तो पालथा झाला, असे समजा. त्याचा वेग थोड्याच अवधीत ताशी २०० किलोमीटरपर्यंत उतरतो. पाण्यात दाबून धरलेले बूच सोडताच उसळी घेते, तसा तो बाकीच्यांच्या दृष्टीने वर उसळतो, सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर या गतीने. त्याच्या माथ्यावर त्या वेळी दुसरे कोणी असेल, तर ती टक्कर रस्त्यावरच्या मोटारीच्या टकरीहून सौम्य नसते. यासाठीच नवशिक्याला मोठ्या गटात घेत नाहीत. आधी एका अनुभवी गुरूबरोबर दोघांनीच उड्या घ्यायच्या, आणि तोल गेलाच तर पालथे न होता पुन्हा बसत्या स्थितीत कसे यावे, हे अंगवळणी पाडायचे, असा क्रम असतो.

साधनांनाही हाच न्याय लागतो. पाठीवरच्या पिशवीची खीळ सैल असली आणि उलट्या स्थितीतील प्रचंड वाऱ्याने छत्री अवेळी उघडली, तर त्या हिसक्याने मनुष्य जबर जखमी होऊ शकतो. म्हणून फ्रीफ्लाय करणाऱ्याच्या पिशवीची प्रत्येक पट्टी, प्रत्येक झडप घट्ट बसलेली असावी लागते. उलट्या माणसाला मनगटावरचे उंचीमापक पाहणे नेहमी सोयीचे नसते, त्यामुळे शिरस्त्राणात कानापाशी ठराविक उंचीवर शिट्टी देणारे यंत्र बसवितात. आणखी एक यंत्र १९९१ पासून जगभर पसरले. हेल्मुट क्लोट या जर्मन संशोधकाचे हे 'सायप्रेस' यंत्र पाठीवरच्या पिशवीत दडलेले असते. मनुष्य बेशुद्ध होऊन किंवा भान हरपून सुमारे साडेसातशे फुटांपर्यंत वेगात पडत आला, तर ते यंत्र त्याची राखीव छत्री आपणहून उघडते.

आपल्या देशात हवाई छत्री आली ती लष्कराच्या मार्गाने. १९४१ मध्ये पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी आजच्या बांगलादेशातील टांगाईल येथे हीच मराठा पलटण विमानांतून उतरली. पाच दिवसांनी ढाक्यात प्रवेश करणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत तिचे जवान होते. मात्र छत्रीधारी सैनिकाची उडी आणि मुक्तपतन यांत मूलभूत भेद आहे. सैनिकाच्या छत्रीची दोरी विमानालाच अडकविलेली असते. बाहेर पडल्यावर काही क्षणांतच छत्री आपोआप उघडते. सैनिक पडत नाहीत, ते उतरतात. एकमेकांजवळ येणे हे त्यांचे उद्दिष्ट आकाशात नसते, जमिनीवर असते. मुक्तपतनाची कला आपल्याकडे पुढे आग्र्याच्या प्रशिक्षण केंद्राभोवती वाढली. १९८७ मध्ये भारतीय हवाई दलाने 'आकाशगंगा' हे पथक स्थापन केले. रेचल थॉमस यांनी आपली पहिली उडी १९७९ मध्ये आग्र्यालाच घेतली, आणि २००२ मध्ये त्या उत्तर ध्रुवावर उतरल्या.

मराठी माणसांच्या मनात हा विषय ठसला तो पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. तापमान शून्याखाली ३७ अंश होते, आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. डिसेंबर २००६ मध्ये त्या दक्षिण गोलार्धातील अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून मुक्तपतन करून उतरल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्या साडीचे कौतुक केले. जाणकारांचे लक्ष दुसरीकडे गेले असणार. वाऱ्यात फडफडणारे मोकळे वस्त्र छत्रीच्या मुठीवर आले, तर हात मुठीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून तेथे पदर आणि निऱ्या यांचा प्रत्येक भाग जागच्या जागी बांधून ठेवणे हाच खरा पराक्रम होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली आणि सुमारे साडेसतरा हजार फुटांवरील कालापत्थर येथे त्या उतरल्या. तेथील विरळ हवेत शरीर अधिक वेगाने पडते, छत्रीही अधिक वेगाने उतरते, आणि चुकीला वाव कमी राहतो.

या यादीतील पहिली उडी आणि नंतरच्या उड्या यांमधील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. २,४०० फुटांवरच्या उडीत मोकळे पडायला उंचीच नसते. तेथे हवे असते ते दारातून बाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य. अकरा हजार फुटांवरून मुक्तपतन करायचे, तर धैर्याला विद्येची जोड द्यावी लागते. आणि इतरांच्या बरोबर पडायचे, तर विद्येलाही सरावाची जोड लागते, तोही एकट्याचा नव्हे. आपला समाज पहिल्या पावलाचा मोठा गौरव करतो, आणि तो रास्तच आहे. परंतु जी गोष्ट शेकडो उड्यांनंतर, चारचौघांच्या संगतीनेच साधते, तिच्यासाठी लागणारी विमाने, मैदाने आणि शिक्षक आपल्याकडे नागरिकांना मोजक्याच ठिकाणी लाभतात. उभ्या बोगद्यात खालून वेगाने वारा सोडून त्यावर शरीर तरंगत ठेवण्याची सोय आता भारतातही झाली आहे. हिमाचल प्रदेशातील बकलोह येथे लष्कराने २०२४ मध्ये असा बोगदा सुरू केला. विमानातील एका उडीत मिनिटभराचा सराव मिळतो. बोगद्यात तोच सराव सलग आणि गुरूच्या नजरेसमोर करता येतो.

सामूहिक रचनेचे शिखर कोणते, असे विचारल्यास थायलंडमधील उदोन थानी येथील घटना सांगावी लागेल. ८ फेब्रुवारी २००६ रोजी तेथे निरनिराळ्या देशांच्या ४०० स्त्री-पुरुषांनी पाच विमानांतून उड्या घेऊन एकच आकृती रचली. ती टिकली ४.२५ सेकंद. उलट्या स्थितीतील फ्रीफ्लायर मंडळींनी ३१ जुलै २०१५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १६४ जणांची रचना केली. या विक्रमांचा नियम कठोर आहे. आधी कागदावर काढलेल्या आकृतीत प्रत्येकाची जागा आणि प्रत्येक हाताची पकड ठरलेली असते. ४०० पैकी एकाचीच पकड सुटलेली असली, तरी बाकीच्या ३९९ जणांचे श्रम त्या उडीपुरते वाया जातात.

अशा उडीची तयारी जमिनीवर होते. उडी घेणारे ओळीने उभे राहून, वारकऱ्यांच्या रिंगणासारखे गोल फिरून, सारी उडी पायी चालून पाहतात. सर्वांत स्थिर असलेली माणसे मधला पाया रचतात. बाकीचे आपापल्या ठरल्या बाजूने, पायाच्या पातळीवर येऊन, हळुवार पकड घेतात. आवेगाने येऊन आदळणारा कितीही धीट असला तरी गटाला नकोसा असतो. त्याच्या एका धक्क्याने सगळे वर्तुळ डळमळते. कोणाच्याही माथ्यावरून जायचे नाही, हाही दंडक आहे. पडणाऱ्या शरीराच्या वर हवेचा भोवरा असतो. त्यात सापडलेल्या माणसाचा आधार निसटतो आणि तो खालच्याच्या पाठीवर कोसळतो. ज्याला आपल्या जागी वेळेत पोहोचता आले नाही, त्याने बाजूला, सर्वांना दिसेल असे थांबायचे. हट्टाने मधे घुसणे ही या विद्येत सर्वांत मोठी चूक मानली जाते.

आणि अखेरीस येते ती वेळ, जिच्यावर सारे अवलंबून असते. ठरलेली उंची आली की रचना मोडायची. फ्रीफ्लायच्या गटात ही उंची पुष्कळदा पाच-सहा हजार फूट असते. सहा हजार फुटांवर उलट्या स्थितीत असलेल्या माणसापाशी जमिनीपर्यंत जेमतेम पंचवीस सेकंद उरलेले असतात. एवढ्यात त्याने गटाकडे पाठ फिरवायची, हात मागे घेऊन, शरीर बाणासारखे सपाट करून दूर सरकायचे, डावी-उजवीकडे व वर-खाली पाहायचे, हात हलवून वरच्याला इशारा द्यायचा आणि मगच छत्री उघडायची. मोठ्या रचनेत सर्वांत बाहेरची ओळ प्रथम निघते, नंतर तिच्या आतली, आणि पाया सर्वांत शेवटी. दोन छत्र्या जवळजवळ उघडल्या, तर एक छत्री दुसरीत शिरते. त्या उंचीवर सावरायला अवधी फार थोडा असतो. म्हणून उडी कितीही फसली, आकृती पुरी व्हायला एकच हात कमी असला, तरी शिट्टी वाजताच निघावे लागते. आणखी दोन सेकंद थांबलो तर जमेल, हा मोह या कलेत घातक ठरतो. गटाची खरी परीक्षा म्हणूनच या निरोपाच्या क्षणी होते. येथे प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या शिस्तीवर तोललेला असतो. जो वेळेवर दूर जातो, तो स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही वाचवितो.

पुन्हा एकदा कॅम्प-१ वरच्या त्या कल्पित विमानाकडे वळू. गच्चीवर उभे राहून वर पाहणाऱ्या माणसाला प्रथम विमानाचा घरघराट ऐकू येईल, पण माणसे दिसणार नाहीत. तेरा हजार फुटांवरचा मनुष्य डोळ्यांना दिसत नाही. थोड्या वेळाने काही ठिपके दिसू लागतील, ते एकदम चहूदिशांना पांगतील आणि रंगीत छत्र्या एकमेकींपासून खूप दूर उघडतील. पाहणाऱ्याला वाटेल, की ही माणसे आपापली एकटीच आली आणि वाऱ्याने विखुरली. काही क्षणांपूर्वी ती हातात हात घालून एकाच वेगाने पडत होती, हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. त्या छत्र्यांमधले अंतर जितके मोठे, तितकी ती माणसे आपल्या विद्येत पक्की, एवढे मात्र त्याने निश्चित समजावे.